प्रशिक्षण संपल्यानंतर वर्गात काय होते? शिक्षकाला वर्गातच मिळणाऱ्या मार्गदर्शनाविषयी

डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या बहुतेकांना सूक्ष्म अध्यापनाचे पाठ आठवत असतात. पाच-सहा मिनिटांचा पाठ, समोर विद्यार्थी म्हणून बसलेले आपलेच सहाध्यायी आणि एका वेळी एकच कौशल्य, म्हणजे कधी प्रश्न विचारणे, कधी उदाहरणे देणे, कधी फलकलेखन. पाठ झाला की निरीक्षक प्राध्यापक काय जमले आणि काय राहिले ते लगेच सांगत, आणि तोच पाठ दुरुस्त करून पुन्हा घ्यावा लागे. 1963 च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आकाराला आलेली ही पद्धत आपल्या अध्यापक विद्यालयांत इतकी रुळली की टाचणे, म्हणजे पाठांचे लेखी आराखडे, काढता काढता अनेकांना तिचा कंटाळाच आला. तरीही नोकरी लागल्यावर सहसा पुन्हा न मिळणारी एक गोष्ट तिच्यात होती: आपले शिकवणे कोणीतरी पाहत होते, त्यातल्या एका ठरावीक बाबीविषयी बोलत होते आणि ती बाब आपल्याकडून पुन्हा करून घेत होते.

नोकरीत शिक्षकाच्या वाट्याला येतात त्या दोन वेगळ्याच गोष्टी, प्रशिक्षण आणि तपासणी. प्रशिक्षणात शिक्षक शाळेबाहेर जातो, सभागृहात बसतो, सुलभकाचे ऐकतो, गटकार्य करतो आणि साहित्य घेऊन परततो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे, आणि त्यातील बराच भाग अशा सत्रांतून किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमांतून पूर्ण होतो. तपासणीत अधिकारी शाळेत येतात, पट आणि उपस्थिती पाहतात, पोषण आहाराची नोंदवही चाळतात, जमल्यास एखाद्या वर्गात दहा मिनिटे बसतात आणि शेरेबुकात लिहून जातात. ‘पाठ चांगला झाला. शैक्षणिक साहित्याचा वापर वाढवावा.’ हा शेरा महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाळेतील कोणत्याही पाठाला लागू पडेल, आणि त्याच कारणाने तो कोणाच्याही उपयोगाचा नाही.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरे काम आहे, आणि या लेखाचा विषय तेच आहे. मार्गदर्शक शिक्षकाच्या स्वतःच्या वर्गात, त्याच्याच मुलांसमोर चाललेला पाठ पाहतो, त्याच दिवशी त्याच्याशी बोलतो, दोघे मिळून सुधारणेची एकच छोटी गोष्ट ठरवतात, ती तिथेच करून पाहतात आणि ठरलेल्या दिवशी मार्गदर्शक ती पाहायला पुन्हा येतो. हे वर्तुळ वर्षभर चालू राहते. प्रशिक्षणात ज्ञान सर्वांना सारखे दिले जाते, इथे मात्र सुरुवात त्या शिक्षकाच्या अडचणीपासून होते. तपासणीचा निष्कर्ष वर जातो, इथला निष्कर्ष त्या दोघांमध्येच राहतो.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते एका कल्पित पण अगदी नेहमीच्या उदाहरणातून पाहू. तिसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी चालू आहे. फळ्यावर 52 वजा 27 हे उदाहरण आहे. बाई विचारतात, ‘दोनातून सात जातात का?’ मुले एका सुरात ‘नाऽऽही’ म्हणतात. ‘मग काय करायचे?’ पुढच्या बाकावरची तीन-चार मुले ‘शेजारून दशक घ्यायचे’ असे ओरडतात. बाई फळ्यावर पाचाचा चार करतात, दोनाचे बारा करतात आणि उत्तर 25 येते. मग तशीच पाच उदाहरणे मुलांना सोडवायला दिली जातात. मागे बसलेल्या पाहुण्याला हा पाठ सुरळीत झाल्यासारखा वाटेल, कारण बाईंची तयारी होती, मुले बोलत होती आणि उत्तरही बरोबर आले होते.

मार्गदर्शक मात्र मागे बसून राहत नाही. मुले उदाहरणे सोडवत असताना तो रांगांमधून फिरतो आणि वह्या पाहतो. समजा, 24 मुलांपैकी नऊ जणांच्या वहीत 63 वजा 28 चे उत्तर 45 आले आहे. मार्गदर्शक तेवढेच टिपून घेतो: किती मुले, कोणते उत्तर, बाईंनी विचारलेले प्रश्न कोणत्या शब्दांत होते आणि त्यांची उत्तरे कोणी दिली. ‘मुले गोंधळलेली होती’ किंवा ‘संकल्पना स्पष्ट नव्हती’ असे तो लिहीत नाही, कारण ती मते आहेत, आणि मतावर वाद होतो. नऊ वह्यांवर वाद होत नाही.

मधल्या सुट्टीत दोघे बसतात. ‘मॅडम, नऊ वह्यांत 45 आले आहे. या मुलांनी काय केले असेल असे तुम्हाला वाटते?’ या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शकाला माहीत असते, तरीही तो गप्प राहतो. बाई वह्या पाहतात आणि त्यांच्या लक्षात येते की मुलांनी प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे: आठातून तीन गेले पाच राहिले, सहातून दोन गेले चार राहिले. म्हणजे वरची संख्या ही आपल्याजवळ असलेली वस्तू आणि खालची संख्या ही त्यातून काढायची वस्तू, हे या मुलांपर्यंत पोहोचलेच नाही. फळ्यावरच्या उदाहरणात ते कळले नाही, याचे कारण पुढच्या बाकावरची तीन-चार मुलेच बोलत होती आणि बाकीच्यांचा सूर त्यात मिसळून जात होता.

आता पुढचे पाऊल ठरवायचे. इथे मार्गदर्शकाला मोह आवरावा लागतो, कारण त्या अर्ध्या तासात त्याला आणखी सहा-सात गोष्टी दिसलेल्या असतात: फळ्यावरचे अक्षर, मागच्या भिंतीजवळ बसलेली मुलगी, गृहपाठ तपासण्याची पद्धत. तो त्या सांगत नाही. ठरते ते एवढेच: पुढच्या पाठात दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन सुरुवात करायची, ‘तुझ्याकडे सुट्या तीनच आहेत आणि आठ काढायच्या आहेत, आता काय करशील?’ हा प्रश्न हात वर न केलेल्या मुलाला विचारायचा आणि उत्तरासाठी थांबायचे.

थांबायचे म्हणजे किती, हेही सांगण्यासारखे आहे. अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणे अभ्यासली, तेव्हा प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असे त्यांना आढळले. तो अवकाश तीन सेकंद किंवा त्याहून अधिक केला तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, न बोलणारी मुले बोलू लागली आणि ‘माहीत नाही’ हे उत्तर कमी झाले. हे निष्कर्ष प्रशिक्षणात सांगितले की सगळे माना डोलावतात. वर्गात मात्र तीन सेकंदांची शांतता शिक्षकाला फार लांब वाटते आणि तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. माहिती असणे आणि हातून घडणे यांतले अंतर इतक्या लहान गोष्टीतही असते.

म्हणून संवादानंतर तालीम येते, आणि आपल्याकडे नेमकी हीच पायरी गाळली जाते. मार्गदर्शक विद्यार्थी होतो आणि म्हणतो, ‘बाई, मी आठातून तीन काढतो ना.’ बाईंच्या तोंडून सवयीने येते, ‘नाही, शेजारून दशक घे.’ दोघे थांबतात. पुन्हा प्रयत्न होतो. या वेळी बाई म्हणतात, ‘त्या आठ काड्या तुझ्यासमोर आहेत का? दाखव बरं.’ मूल समोर पाहते, तिथे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्याच असतात, आणि आठ या आपल्याजवळ नसलेल्या काड्या आहेत हे त्याचे त्यालाच कळण्याची शक्यता निर्माण होते. कुस्तीच्या तालमीत वस्ताद डावाचे वर्णन करून थांबत नाही, तो हौद्यात उतरून पकड कुठे सैल पडली ते दाखवतो आणि डाव पुन्हा लावायला सांगतो; शिकवण्याचेही तसेच आहे. प्रौढ माणसाला दुसऱ्या प्रौढासमोर लुटुपुटीचा पाठ घेताना संकोच वाटतो, हे खरे. मार्गदर्शकाने आधी स्वतः शिक्षक होऊन चुकून दाखवले, तर तो संकोच लवकर जातो.

पुढची भेट कधी, हे निघण्यापूर्वी ठरते. ती साधारण आठवडाभरात व्हावी, कारण त्यानंतर प्रकरण बदलते आणि ठरलेली गोष्ट मागे पडते. त्या भेटीत मार्गदर्शक फक्त तीच गोष्ट पाहतो. जमली असेल तर पुढची ठरवतात, नसेल तर तिचेच आणखी लहान तुकडे करतात.

या पद्धतीचा परिणाम मोजला गेला आहे का, असा प्रश्न साहजिक आहे. मॅथ्यू क्राफ्ट, डेव्हिड ब्लेझर आणि डिलन होगन या संशोधकांनी 2018 मध्ये 60 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यातील बहुतेक अभ्यास अमेरिकेतले होते, ही मर्यादा लक्षात ठेवावी. त्यांच्या निष्कर्षानुसार शिकवण्याच्या गुणवत्तेत सरासरी 0.49 प्रमाण विचलनाइतकी आणि विद्यार्थ्यांच्या संपादणुकीत 0.18 प्रमाण विचलनाइतकी वाढ झाली. संख्याशास्त्राच्या या भाषेचा सोपा अर्थ असा की 100 शिक्षकांच्या रांगेत मधोमध उभा असलेला शिक्षक सुमारे 69 व्या स्थानापर्यंत पुढे जातो, आणि 100 मुलांच्या रांगेतले मधले मूल सुमारे 57 व्या स्थानापर्यंत. शिक्षकाच्या वर्तनात होणारा बदल मोठा असतो, मुलांच्या शिकण्यात तो गाळून-गाळून पोहोचतो. याच विश्लेषणात आणखी दोन गोष्टी दिसल्या. मार्गदर्शनाचे तास वाढवले म्हणजे परिणाम वाढतोच असे नाही, भेटीचा दर्जा अधिक महत्त्वाचा ठरतो. आणि शंभराहून अधिक शिक्षकांच्या कार्यक्रमांत परिणाम लहान कार्यक्रमांपेक्षा बराच कमी होता. हा दुसरा निष्कर्ष आपल्यासारख्या राज्याने उशाशी ठेवावा असा आहे, कारण आपल्याकडे कोणतीही योजना लाखो शिक्षकांच्या आकड्यानेच सुरू होते.

आपल्या परिस्थितीला अधिक जवळचा पुरावा दक्षिण आफ्रिकेचा आहे. तिथल्या नॉर्थ वेस्ट प्रांतात 2015 पासून दोन वर्षे, पहिली-दुसरीच्या मुलांना सेत्स्वाना या त्यांच्या मातृभाषेत वाचायला शिकवण्यावर 230 शाळांत एक प्रयोग झाला. त्यातील 50 शाळांच्या शिक्षकांना रोजच्या पाठांची टाचणे, वाचनसाहित्य आणि निवासी प्रशिक्षण मिळाले. दुसऱ्या 50 शाळांना तीच टाचणे आणि तेच साहित्य मिळाले, पण त्यांच्या वर्गात भाषाशिक्षणाचे तज्ज्ञ मार्गदर्शक नियमितपणे येत राहिले. आणखी 50 शाळांत पालकांबरोबर काम झाले आणि 80 शाळा तुलनेसाठी ठेवल्या गेल्या. दोन वर्षांनंतर तुलनेच्या शाळांपेक्षा मुलांच्या वाचनात झालेली जास्तीची प्रगती मार्गदर्शन मिळालेल्या शाळांत प्रशिक्षणाच्या शाळांच्या सुमारे दुप्पट होती. कारण शोधण्यासाठी वर्गांचे निरीक्षण केले तेव्हा दिसले की मार्गदर्शन मिळालेले शिक्षक मुलांचे छोटे वाचनगट अधिक प्रमाणात करत होते, त्यामुळे प्रत्येक मुलाकडे लक्ष देता येत होते आणि त्याला स्वतः वाचण्याची संधी मिळत होती. गट करून शिकवा हे टाचणात दोन्हीकडे लिहिलेले होते. पण एका गटाला वाचायला घेतल्यावर उरलेल्या मुलांचे काय करायचे, हा ज्या शिक्षकाचा नेमका प्रश्न असतो, त्याला टाचणातून उत्तर मिळत नाही.

त्याच देशात पुढे म्पुमलांगा प्रांतात इंग्रजीच्या अध्यापनासाठी प्रत्यक्ष भेटी आणि दूरस्थ मार्गदर्शन यांची तुलना झाली. दूरस्थ गटातील शिक्षकांना टॅबलेटवर पाठ दिले गेले आणि मार्गदर्शक फोन व संदेशांतून संपर्कात राहिले. तीन वर्षांनी प्रत्यक्ष भेटींच्या शाळांत मुलांचे इंग्रजी बोलणे आणि वाचन दोन्ही सुधारले. दूरस्थ गटात फक्त बोलण्यात, तीही कमी, सुधारणा झाली, वाचनात काहीच फरक पडला नाही आणि मातृभाषेतील साक्षरतेची उलट हानी झाली, कारण इंग्रजीने मातृभाषेच्या तासिकांचा वेळ खाल्ला. तंत्रज्ञान अडले असे संशोधकांना दिसले नाही. समोर बसलेल्या माणसामुळे जी जबाबदारी वाटते आणि जो आधार मिळतो, तो पडद्यावरून पोहोचला नाही. व्हॉट्सअॅप गटावर लिंक पाठवली म्हणजे मार्गदर्शन झाले असे मानणाऱ्यांनी हा प्रयोग वाचावा.

महाराष्ट्रात या कामासाठी माणूस नेमलेला नाही असे मात्र म्हणता येणार नाही. 1994 मध्ये राज्याने केंद्रप्रमुख हे पद निर्माण केले आणि 4,860 केंद्रे ठरवली. साधारण दहा शाळांचे एक केंद्र, आणि त्या शाळांना शैक्षणिक मार्गदर्शन करणारा, स्वतः शिक्षक राहिलेला एक माणूस, ही मूळ कल्पना उत्तम होती. जिल्ह्यात डाएट म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, राज्यात पुण्याची शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि तळाशी केंद्रप्रमुख, अशी ही साखळी कागदावर पूर्ण आहे. प्रत्यक्षात मात्र अनेक पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिली, एकेका माणसाकडे दोन-दोन केंद्रांचा भार आला, आणि तो माणूसही माहिती गोळा करणे, यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतील, नोंदी, आधार जोडणी आणि तातडीचे तक्ते यांत बुडून गेला. केंद्राची मासिक शिक्षण परिषद हीदेखील पुष्कळदा पत्रके वाचून दाखवण्याची सभा होते.

केवळ हिशेब मांडला तरी अडचण दिसते. केंद्रात 40 शिक्षक धरले आणि प्रत्येकाला पंधरवड्यातून एकदा भेटायचे ठरवले, तर आठवड्याला 20 पाठ पाहावे लागतील, म्हणजे रोज तीन ते चार. शाळा डोंगरात पसरलेल्या असतील तर हे अशक्यच आहे. त्यामुळे सर्वांना थोडे-थोडे देण्याचा आग्रह सोडून एका सत्रात आठ-दहा शिक्षक निवडणे आणि त्यांच्याबरोबर नेटाने काम करणे, हाच व्यवहार्य मार्ग उरतो. हा आग्रह सोडणे आपल्या प्रशासनाला सर्वांत जड जाते, कारण आढाव्याच्या तक्त्यात ‘भेट दिलेल्या शाळा’ असा रकाना असतो, ‘बदललेले पाठ’ असा नसतो.

केनियाने हाच प्रश्न काहीसा सोडवला. 2015 मध्ये तिथे ‘तुसोमे’ हा प्रारंभिक वाचनाचा कार्यक्रम देशभर सुरू झाला, तेव्हा त्यांनी नवे मार्गदर्शक भरले नाहीत. आपल्या केंद्रप्रमुखांसारखेच काम असलेले सरकारी अधिकारी त्यांच्याकडे आधीपासून होते. त्यांच्या हाती टॅबलेट दिले, पाठ पाहताना काय टिपायचे ते त्यात ठरवून दिले, काही मुलांचे वाचन तिथल्या तिथे तपासायला लावले आणि प्रवासखर्च प्रत्यक्ष पाहिलेल्या वर्गांशी जोडला. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण दुचाकीत स्वतःच्या खिशातून पेट्रोल घालून वाड्या-वस्त्यांवर जाणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला विचारले, तर तो तिला क्षुल्लक म्हणणार नाही.

आपल्याकडे यशाचे उदाहरण म्हणून सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटचे, म्हणजे शिक्षण विभागाने केलेल्या शाळांच्या एका गटाचे, नाव घेतले जाते. तिथल्या शाळांनी ज्ञानरचनावादी, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते असे मानणाऱ्या, पद्धतीने केलेले काम 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात राज्यभर गाजले आणि ठिकठिकाणचे शिक्षक ते पाहायला गेले. दुसऱ्याचा वर्ग प्रत्यक्ष पाहणे ही शिकण्याची उत्तम पद्धत आहे, यात शंका नाही. पण पाहून परतलेल्यांबरोबर बहुतेक ठिकाणी वर्गात बसणारे कोणी नव्हते, आणि म्हणून फरशीवरच्या रंगीत आकृत्या आणि भिंतींवरचे तक्ते जितक्या झपाट्याने पसरले, तितक्या झपाट्याने मुलांशी बोलण्याची पद्धत पसरली नाही, असे माझे मत आहे. रंग वर्गणीतून आणता येतो.

एक अडचण पैशाने किंवा पदे भरून सुटणारी नाही. केंद्रप्रमुख हा मार्गदर्शकही असतो आणि तपासणारा अधिकारीही. सकाळी ज्याने उशिरा आल्याची नोंद घेतली, त्याच्यासमोर दुपारी ‘मला अपूर्णांक शिकवता येत नाहीत’ असे कोणता शिक्षक म्हणेल? गोपनीय अहवालावर ज्याच्या मताचा परिणाम होऊ शकतो, त्याला शिक्षक आपला उत्तमात उत्तम, आधी घटवून घेतलेला पाठ दाखवणार, आणि त्या पाठात सुधारण्यासारखे काही सापडणार नाही. दोन भूमिका दोन माणसांना देणे हा शुद्ध उपाय आहे. ते होत नसेल तर निदान मार्गदर्शनाच्या भेटीचे दिवस वेगळे जाहीर करावेत, त्या दिवशी शेरेबुक उघडू नये आणि निरीक्षणाचा कागद शिक्षकाच्याच हाती देऊन निघावे.

मार्गदर्शनाने न सुटणारे प्रश्नही आहेत. अपूर्णांकांचा भागाकार उलटा गुणाकार का होतो हे शिक्षकालाच उमगलेले नसेल, तर प्रश्न विचारण्याचे कौशल्य वाढवून भागत नाही, तिथे आधी विषयज्ञान हवे आणि त्यासाठी चांगले प्रशिक्षणच लागते. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या किंवा नंदुरबारच्या सातपुड्यात पावरा बोलणाऱ्या मुलांच्या वर्गात, मुलांची भाषा न समजणारा मार्गदर्शक मुले काय चुकीचे समजली हे ओळखूच शकत नाही. द्विशिक्षकी शाळेत एकाच वेळी दोन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाचा पाठ पाहताना दुसऱ्या इयत्तेची मुले त्या वेळात काय करतात हे पाहिले नाही, तर अर्धा पाठ पाहिलाच नाही असे समजावे.

शेवटी प्रश्न उरतो तो मार्गदर्शकाच्या स्वतःच्या शिकण्याचा. उत्तम शिक्षक आपोआप उत्तम मार्गदर्शक होत नाही. बहुतेकांचा पहिला कल ‘तुम्ही बाजूला व्हा, मी घेऊन दाखवतो’ असा असतो, आणि नमुना पाठ कधीकधी उपयोगीही पडतो, पण त्यामुळे शिक्षकाच्या हाताला वळण लागत नाही. दुसऱ्याला वह्यांपुढे बसवून गप्प राहणे आणि सहा त्रुटी दिसत असताना एकच निवडणे, ही कौशल्ये शिकावी लागतात, आणि तीही पाठ देणे, अभिप्राय घेणे व पुन्हा करणे याच वर्तुळातून येतात. डाएटमधील अधिव्याख्यात्याने महिन्यातून एकदा केंद्रप्रमुखाबरोबर शाळेत जावे, त्याचे शिक्षकाशी चाललेले बोलणे ऐकावे, आणि परतीच्या वाटेवर त्या बोलण्यातील एकाच गोष्टीविषयी त्याच्याशी चर्चा करावी. यासाठी नवे पद लागत नाही. दौऱ्याच्या कार्यक्रमात त्या दिवशी दुसरे काही ठेवू नये, एवढेच लागते.